सालाची बाकी

सुरतेच्या बमरोलीत सरलेले वर्ष चाळायला एकच मुहूर्त नाही. दिवाळीत गुजराती व्यापारी चोपडापूजन, म्हणजे हिशेबवह्यांची पूजा, करतात आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला त्यांचे विक्रम संवत बदलते. उधना-जळगाव रेल्वेने इथल्या यंत्रमागांवर आलेल्या खान्देशी घरांची गुढी चैत्रात उभी राहते. त्यांच्या गावाकडे शेतावरच्या सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या गड्याचे, साल मात्र आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला भरते. मागच्या वर्षाचा आढावा आणि पुढचे संकल्प ही रीत एक जानेवारीबरोबर आली, असे आपण धरून चालतो. माझ्या मते तिचे एक जुने मूळ या हिशेबांत आहे. आखाजीला सालदार आणि मालक समोरासमोर बसत. घेतलेली उचल, पडलेले खाडे, दिलेले धान्य मोजले जाई, बाकी निघे आणि त्याच बैठकीत पुढचे साल ठरे. मागचे न मोजता पुढचे बोलण्याची सोयच नव्हती.

यावर कुणी म्हणेल, चातुर्मासाचे नेम, व्रते याहून जुनी आहेत. आहेतच, पण नेम पुढचे धरतो, मागच्याची बाकी काढत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: वही मालकाच्या हातात, उचलीने बांधलेला माणूस मोकळेपणाने काय ठरवणार? हे नाकारता येत नाही. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून पेटलेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले, त्यामागे एकतर्फी लिहिलेल्या हिशेबाचा संतापही होता. म्हणून मला ती बैठक आदर्श वाटत नाही. तिच्यातले समोर बसणे तेवढे मोलाचे वाटते. संकल्प एकट्याचा असला तरी जाब लागतोच: लंडनच्या डायरीकार सॅम्युएल पेपिसने 1661च्या अखेरीस दारू आणि नाटके सोडण्याची शपथ घेतली, पण तोही नुसत्या निश्चयावर विसंबला नाही. आपल्या शपथा तो पुन्हा पुन्हा वाचून काढी आणि मोडल्यास गरिबांच्या पेटीत दंड भरी.

बमरोलीच्या लूम कारागिराची मजुरी मीटरवर ठरते, त्याचे साल कुणी ठरवत नाही. त्याच्यापुरती सालदारीची गुलामी गेली हे चांगलेच झाले. पण वर्षाअखेरी त्याच्यासमोर बसणारेही कुणी उरले नाही. गावी धाडलेले पैसे, फिटलेले कर्ज, मुलीची फी आणि रात्रपाळीत झिजलेली तब्येत यांची बाकी त्याने एकट्याने काढली तर ती अर्धीच निघेल, कारण त्यातला निम्मा हिशेब घर चालवणाऱ्या बायकोला ठाऊक असतो.