अटकेची कारणे कोणत्या भाषेत?

अटक झालेल्याला अटकेची कारणे कळवलीच पाहिजेत, असे संविधानाचा अनुच्छेद 22(1) सांगतो. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम 47 तेच सांगते. घोडे अडते ते ‘कळवले’ कशाला म्हणायचे, इथे.

विदर्भातून हा प्रश्न फार आधी न्यायालयात गेला होता. 1961मध्ये नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी एकाला स्थानबद्ध केले. कारणांचा कागद इंग्रजीत. त्याला इंग्रजी येत नव्हते. मागितलेली हिंदी प्रत नाकारली गेली. पोलिसांनी तोंडी समजावले होते, हा सरकारचा बचाव. ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या 1962च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.

पण तो निकाल स्थानबद्धांपुरता. साध्या अटकेपर्यंत हे संरक्षण पोचायला सहा दशके लागली. सर्वोच्च न्यायालयाच्याच 2023 आणि 2024च्या निकालांनी आधी मनी लाँडरिंग, मग यूएपीएच्या (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) अटकेत लेखी कारणे सक्तीची केली. 6 नोव्हेंबर 2025 रोजी वरळीच्या एका अपघाताच्या प्रकरणात नियम सर्वच गुन्ह्यांना लागला: कारणे लेखी, आरोपीला समजेल अशा भाषेत, आणि उशिरात उशिरा रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. (कागद देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात, याला पळवाट म्हणा किंवा व्यवहार.)

हा नियम गोंदिया जिल्ह्यात लावून पाहा. इथे मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी कानावर पडते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात गोंडी. गोंडी आठव्या अनुसूचीत नाही, आणि ती घरात बोलणाऱ्याला वाचता येतेच असे नाही. देवनागरीत गोंडी छापून दिली तरी नियमाचे अक्षर पाळले जाईल, हेतू नाही. 1962मध्ये जे तोंडी समजावणे अपुरे ठरले, त्यावाचून इथे भागत नाही. शिवाय हा पट्टा वर्षानुवर्षे नक्षलप्रभावित राहिलेला. यूएपीए लागला की जामीन दुर्मीळ, म्हणजे पहिल्या 24 तासांतली चूक फार महाग पडते.

तेव्हा कागद वकिलासाठी आणि नातेवाइकांसाठी, समजावणे आरोपीसाठी, दोन्ही हवे. दुभाषी त्याच ठाण्याचा शिपाई नसावा, त्याचे नाव रिमांड अर्जात यावे, समजावण्याचे ध्वनिमुद्रण व्हावे. खरी कसोटी मात्र न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर लागेल. मारहाण झाली का, वकील आहे का, हे तिथे विचारले जातेच. पोलीस कोठडी (पीसीआर) देण्याआधी आणखी एक विचारावे: ‘तुम्हाला कशासाठी धरले, सांगा.’ उत्तर आरोपीच्याच शब्दांत रोजनाम्यावर घ्यावे. त्याला ते सांगता आले नाही, तर कारणे कळवल्याचा शेरा आणि खालचा अंगठा ग्राह्य धरू नये.