'अनलिमिटेड' इंटरनेट मध्येच रांगायला का लागतं? एफयूपीचा हिशेब समजून घ्या

महिन्याची २३-२४ तारीख. घरात मॅच सुरू असते आणि अचानक स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागतं. राऊटर बंद करून परत चालू केला जातो, वायरवाल्याला फोन जातो आणि पलीकडून उत्तर येतं, "सर, तुमचं एफयूपी संपलंय." पण प्लॅन तर अनलिमिटेड होता ना?

एफयूपी म्हणजे 'फेअर यूसेज पॉलिसी'. कंपनीच्या भाषेत 'अनलिमिटेड'चा अर्थ एवढाच, की कनेक्शन तुटणार नाही आणि जास्त बिल येणार नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला स्पीड मात्र ठरावीक जीबीपर्यंतच मिळतो. त्यानंतर तो खाली येतो, आणि कुठवर येतो ते बारीक अक्षरांत असतं.

३३०० जीबी म्हणजे किती?

जिओ आणि एअरटेलच्या अनेक घरगुती फायबर प्लॅनमध्ये ही मर्यादा महिन्याला ३३०० जीबी ठेवलेली दिसते. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार एचडी व्हिडिओला तासाला साधारण ३ जीबी लागतात. म्हणजे ११०० तास. महिन्यात तासच ७२० असतात! एक टीव्ही रात्रंदिवस चालू ठेवला तरी ही मर्यादा संपणार नाही.

आता दुसऱ्या बाजूने बघा. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण स्पीडने सतत चालवली तर तासाला ४५ जीबी उतरतात. त्या हिशेबाने ३३०० जीबी साधारण ७३ तासांत, म्हणजे जेमतेम तीन दिवसांत संपतात. तुम्ही पैसे महिनाभराच्या स्पीडचे भरता. तो पूर्ण वापरायचा ठरवला तर तीन दिवस पुरतो. एकच कनेक्शन अख्ख्या हॉस्टेलला वाटणारे किंवा सतत डाउनलोड लावून ठेवणारे इथे अडकतात. छोट्या केबलवाल्यांच्या प्लॅनमध्ये मर्यादा बरीच कमी असू शकते, आणि तिथे साध्या चार माणसांच्या घरालाही फटका बसतो.

मग कंपन्या असं का करतात?

कारण लाइन वाटून घेतलेली असते. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'जीपॉन' फायबर तंत्रात सुमारे २.५ जीबीपीएसची एक लाइन ३२ किंवा ६४ घरांत फोडली जाते. ६४ घरांना १०० एमबीपीएस एकाच वेळी द्यायचे तर ६.४ जीबीपीएस लागतील. तरीही काम चालतं, कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण स्पीड ओढत नाहीत. यात फसवणूक नाही. फोनचं जाळंही असंच चालतं.

खरी अडचण गर्दीच्या वेळेची आहे. सकाळच्या डोंबिवली लोकलसारखी. रेल्वेला डबे वाढवावे लागतात ते सकाळच्या गर्दीसाठी, दुपारी मोकळ्या गाडीतून जाणाऱ्यासाठी नाही. इंटरनेट कंपनीचा खर्चही मुख्यतः संध्याकाळच्या गर्दीवर ठरतो. पहाटे तीनला कुणी ५० जीबी उतरवले तर कुणाचंच काही अडत नाही. महिन्याची जीबी मोजणारी मर्यादा हा फरक बघतच नाही, म्हणून ती ओबडधोबड वाटते. त्यापेक्षा बीएसएनएलची जुनी योजना शहाणपणाची होती: काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट. त्या काळात गजर लावून उठणारी पोरं अनेकांना आठवत असतील.

बाहेर काय झालं?

अमेरिकेत कॉमकास्ट कंपनी बिटटोरंटचा ट्रॅफिक गुपचूप अडवत असल्याचं २००७ मध्ये उघड झालं. ऑगस्ट २००८ मध्ये सरकारी नियामकाने ते थांबवायला सांगितलं, आणि ऑक्टोबरपासून कंपनीने सरसकट २५० जीबीची मर्यादा लावली. पुढे अनेक भागांत ती १.२ टीबी झाली आणि त्यावर प्रत्येक ५० जीबीला १० डॉलर असा दर आला.

जर्मनीत २०१३ मध्ये डॉइच टेलिकॉमने मर्यादेनंतर स्पीड ३८४ केबीपीएसवर आणायचं जाहीर केलं. लोक भडकले, कंपनीने आकडा २ एमबीपीएसवर नेला, तरी कोलोनच्या कोर्टाने ती अट बेकायदा ठरवली. 'फ्लॅटरेट' म्हणून विकलं, तर ग्राहक त्याचा अर्थ सपाट, विनामर्यादा असाच घेणार, असा मुद्दा होता. आपल्याकडच्या 'अनलिमिटेड'ला हाच प्रश्न विचारता येतो.

भारतात नियम काय?

एफयूपी लावायला बंदी नाही. २०१६ च्या ट्रायच्या नियमांनुसार मजकूर बघून वेगळा दर लावता येत नाही. एकूण जीबी मोजायला मात्र मोकळीक आहे. त्याच वर्षी ट्रायने घरगुती ब्रॉडबँडबद्दल निर्देश दिले: मर्यादा किती, आधीचा आणि नंतरचा स्पीड किती, हे स्पष्ट सांगायचं; ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाला की ग्राहकाला कळवायचं; आणि स्पीड ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही. ५१२ ही तेव्हाची ब्रॉडबँडची व्याख्या होती. २०२३ मध्ये सरकारने ती व्याख्या २ एमबीपीएसवर नेली.

मोबाइलला हा आधार नाही. रोजचा डेटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ केबी. ३ एमबीचा एक फोटो उतरायला सहा मिनिटांहून जास्त. परीक्षेचा फॉर्म भरताना हे झालं तर पान उघडायच्या आत वेळ संपते. शिवाय २० एमबीपीएसच्या फोरजीवर रोजचे १.५ जीबी संपायला दहा मिनिटं पुरतात.

म्हणून कनेक्शन घेताना 'स्पीड किती' यासोबत 'किती जीबीनंतर किती स्पीड' हेही विचारा आणि उत्तर मेसेजवर लिहून घ्या. मर्यादा संपायच्या आत स्पीड पडला, किंवा वापराचा मेसेजच आला नाही, तर कंपनीच्या कॉल सेंटरला तक्रार करून डॉकेट नंबर घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं, आणि त्याला फी लागत नाही.