वेढ्यातील देह

बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिण भागात, धानाच्या मुलखात लांजी हे गाव वसले आहे. तेथील जुन्या किल्ल्याचे अवशेष गोंडांच्या सत्तेची आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमलाची आठवण देतात. शत्रूची वर्दी येताच अशा किल्ल्यात काय घडत असेल, हे सहज ध्यानी येते. दरवाजे लागत, पहारे वाढत, कोठारे उघडली जात आणि नित्याची कामे बाजूस पडत. संकटसमयी मनुष्यदेहही असाच वागतो.

मराठी भाषेने हे फार पूर्वीच टिपून ठेवले आहे. भयाने तोंडचे पाणी पळते, छाती धडधडते, पोटात गोळा येतो, अंगावर काटा उभा राहतो. हे केवळ भाषेचे अलंकार नव्हेत. वेदना, भूक, भय आणि क्रोध यांमुळे देहात होणाऱ्या बदलांवर हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलीन रक्तात उतरते, हृदय जलद चालते, यकृतातील साखर रक्तात येते. रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते, लाळ आटते. झुंजावे अथवा पळावे, यासाठी देह सिद्ध होतो. संकट टळले की थोड्याच वेळात सारे पूर्ववत होते.

परंतु वेढा उठलाच नाही तर? माँट्रिऑल येथे हान्स सेल्ये यांनी उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, औषधांच्या विषारी पण प्राणघातक नसलेल्या मात्रा अशा नाना प्रकारे पीडा दिली. कारणे भिन्न, परिणाम मात्र सारखाच आढळला: अधिवृक्क ग्रंथी वाढल्या, थायमस ग्रंथी आकसली, जठरात व्रण पडले. १९३६ साली त्यांनी इशारा, प्रतिकार आणि थकवा या तीन अवस्था मांडल्या. कॉर्टिसॉल हे संप्रेरक अल्पकाळ तारक असते. ते दीर्घकाळ चढे राहिले तर झोप, स्मरण आणि रोगप्रतिकार यांस बाधा येते. एकच संकट सर्वांस सारखे पेलत नाही, हेही पुढील संशोधनाने दाखविले. ज्यास उपाय हाती आहे असे वाटते आणि ज्याच्या पाठीशी माणसे उभी असतात, तो अधिक तग धरतो.

बालाघाट जिल्ह्याने असा दीर्घ वेढा भोगला आहे. १८९६ साली पाऊस लवकर सरला, १८९९ साली तो पुरता हुकला, आणि पाठोपाठ दुष्काळ पडले. तेथे शत्रू तटाबाहेर नव्हता, तो रित्या कणगीत होता. अशा माणसास ‘चिंता करू नकोस’ असे सांगून भागत नाही. त्याला धान्य आणि काम मिळाले पाहिजे.

तथापि वेढा उठल्यावरही मनाचा पहारा पुष्कळदा उठत नाही. त्यावरचा उपाय स्वामी कुवलयानंदांनी प्रयोगशाळेत तपासून पाहिला. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी आसने व प्राणायाम यांचे देहावरील परिणाम मोजण्यास आरंभ केला. संथ, दीर्घ श्वासाने हृदयाची गती उतरते, हे आज सर्वमान्य आहे. पुरेशी झोप, चालणे आणि आप्तांशी मोकळे बोलणे यांचाही असाच उपयोग होतो. संकटाचे मूळ दूर करणे हे बहुधा समाजाचे काम. पण शीणलेल्या पहारेकऱ्यास वेळेवर विसावा देणे, हे प्रत्येकास थोडेफार साधण्यासारखे आहे. विश्रांतीस आळस मानणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे.