मराठवाड्याच्या रानफुलांची नोंद

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला; परंतु औरंगाबाद निजामाच्या राज्यात असल्याने येथील रानफुले त्याच्या कक्षेबाहेर राहिली, कारण इलाख्याची हद्द फुलांना नसली तरी ग्रंथकाराला होती. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर येथे वनस्पतिसंग्रहाला, म्हणजे दाबून वाळवलेल्या नमुन्यांच्या जतनाला, आधार मिळाला. उदाहरणार्थ, कळलावी ही वेल पानाच्या टोकाशी आलेल्या, आधाराला विळखा घालणाऱ्या तणाव्यावरून वाळल्यावरही ओळखता येते, पण पाकळ्यांचा पिवळ्यातून लालीकडे जाणारा रंग उडतो, म्हणून तो संकलनाच्या वेळीच चिठ्ठीवर लिहावा लागतो. असे कष्टाचे काम पुढे नेत व्ही. एन. नाईक यांनी मराठवाड्याच्या वनस्पतींचा द्विखंडी ग्रंथ १९९८ मध्ये औरंगाबादेतूनच प्रसिद्ध केला.