आधी दोष, मग मोजमाप: युरोपच्या डोंगरी जंगलांची गोष्ट

डोंगराळ भागात दरड कोसळली किंवा पूर आला, की दोन-तीन दिवसांत आरोपी ठरतो. झाडं तोडणारे, गुरं चारणारे, रस्ता काढणारे, नाहीतर थेट पाऊस. यातलं किती कुणामुळे, हे मोजून सांगणारा माणूस मात्र सहसा सापडत नाही.

युरोपात आज आठ-दहा देशांतले शास्त्रज्ञ एकत्र बसून डोंगरावरच्या जंगलांचा अभ्यास करतात. हे ऐकायला सोपं वाटतं. पण तिथपर्यंत यायला त्यांनाही दीड-दोन शतकं लागली, आणि त्या वाटेवर बऱ्याच गरीब माणसांवर दोष टाकून झाला होता. ती गोष्ट आज सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

डोंगरावरचं जंगल खालच्या गावाला वाचवतं, ही समज फार जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या अँडरमॅट गावानं १३९७ साली लेखी ठराव करून गावावरच्या उतारावरचं जंगल तोडायला बंदी घातली. कारण साधं होतं. झाडं गेली की वरचा बर्फ सुटून गावावर येतो. इथं नियम करणारे आणि नियमाचा फायदा मिळणारे एकाच गावचे होते, त्यामुळे भांडण फारसं नव्हतं.

भांडण सुरू झालं ते नियम लांबच्या राजधानीतून यायला लागल्यावर. फ्रान्सनं १८२७ मध्ये वनसंहिता आणली. पिरेनीज पर्वतातल्या आरिएज भागात लोकांचे चराईचे आणि सरपणाचे जुने हक्क आवळले गेले. १८२९ पासून तिथले शेतकरी बायकांसारखे लांब सदरे घालून, तोंडाला काजळी फासून रात्री जंगलात शिरायचे आणि वनरक्षकांना पळवून लावायचे. इतिहासात याला ‘बायांचं युद्ध’ म्हणतात. नाव गमतीचं असलं तरी प्रश्न पोटाचा होता.

पुढे १८४१ मध्ये अलेक्झांद्र सुरेल या सरकारी इंजिनिअरनं आल्प्समधल्या दांडग्या ओढ्यांवर ग्रंथ लिहिला. उतारावर जंगल असेल तर ओढा शांत राहतो आणि जंगल गेलं की तो पिसाळतो, असं त्याचं म्हणणं. १८५६ मध्ये रोन आणि लुआर नद्यांना मोठे पूर आले आणि सुरेलच्या म्हणण्याला एकदम वजन आलं. १८६० मध्ये डोंगरांवर पुन्हा जंगल लावायचा कायदा झाला. पण लावायचं कुठे? मेंढपाळांच्या कुरणांवर! पूर खालच्या शहरांना आला आणि चराई बंद झाली वरच्या गावांची. विरोध एवढा झाला की १८६४ मध्ये सरकारनं झाडांऐवजी गवत लावायलाही मुभा दिली. शेवटी १८८२ च्या कायद्यात ठरलं, की सर्वात बिघडलेली जमीन सरकारनं विकत घ्यावी आणि स्वतःच्या खर्चानं सुधारावी. म्हणजे फायदा ज्याला मिळतो त्यानं पैसे मोजावेत, एवढी गोष्ट मान्य व्हायला बावीस वर्षं गेली.

याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १८६७ पासून जवळपास वीस वर्षं हिंदुस्थानच्या वनखात्यासाठी निवडलेले इंग्रज तरुण फ्रान्समधल्या नान्सीच्या वनविद्यालयात शिकायला जात. खात्याचे पहिले प्रमुख डिट्रिच ब्रँडिस तर जर्मनच होते. युरोपातलं वनशास्त्र त्यांच्याबरोबर आलं आणि गावकरी विरुद्ध वनखातं हे भांडणही इथं उभं राहिलं. १८७८ चा वन कायदा आणि २५ सप्टेंबर १९३० चा उरण तालुक्यातला चिरनेरचा जंगल सत्याग्रह आठवा. तिथं तर गोळीबार झाला.

आता स्वित्झर्लंडकडे येऊ. १८६८ च्या पावसाळी शरदात तिथल्या डोंगराळ प्रांतांत भयंकर पूर आला. पन्नासच्या आसपास माणसं गेली. देशभर वर्गणी जमली. वनतज्ज्ञ एलियास लांडोल्ट यांनी काही वर्षं आधीच डोंगरातल्या जंगलतोडीवर अहवाल दिला होता, तो सगळ्यांना आठवला. १८७४ च्या राज्यघटनेनं डोंगरी जंगलांवर देखरेखीचा अधिकार केंद्राला दिला आणि १८७६ मध्ये कायदा झाला, की उंच डोंगरातलं जंगलाचं क्षेत्र कमी होता कामा नये. कायदा चांगलाच ठरला, आजही त्याचं नाव आदरानं घेतात. पण पुढच्या इतिहासकारांनी कागद तपासले तेव्हा दिसलं, की १८६८ चा पाऊसच विलक्षण होता. एकट्या जंगलतोडीवर खापर फोडणं बरोबर नव्हतं.

मग खरं काय? ते शोधायला स्विस संशोधकांनी १९०३ पासून एमेंटाल भागात दोन लहान ओढे मोजायला घेतले. स्पेरबेलग्राबेनच्या पाणलोटात जवळपास सगळीकडे जंगल, तर राप्पेनग्राबेनमध्ये एक तृतीयांशच्या आसपास. पाऊस किती पडला, ओढ्यातून पाणी किती गेलं, वर्षानुवर्षं नोंद. आर्नोल्ड एंगलर यांनी १९१९ मध्ये निष्कर्ष छापले. थोडा वेळ जोरात पडणारा पाऊस असेल तर जंगल पुराचा जोर चांगला कमी करतं. पण दिवसेंदिवस झड लागून माती भिजून गच्च झाली, तर जंगलाचाही फार इलाज चालत नाही.

बघा, कायदा १८७६ चा आणि मोजणी सुरू १९०३ ला. मधल्या काळात जो दोष द्यायचा तो देऊन झाला होता.

एका देशाची मोजणी पुरत नाही, हे त्याआधीच कळलं होतं. १८९२ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या वन-संशोधन केंद्रांनी एबर्सवाल्डे इथं एक आंतरराष्ट्रीय संघटना काढली. हेतू हाच, की प्रयोगाच्या पद्धती सारख्या असाव्यात, म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याला वापरता येईल. १९१४ च्या महायुद्धानं ते काम बंद पडलं. १९२९ मध्ये स्टॉकहोमला पुन्हा उभं राहिलं. आज ही संघटना इयुफ्रो नावानं जगभर काम करते.

याच परंपरेतला अलीकडचा प्रयोग म्हणजे २०१२ ते २०१५ मधला ‘अरेंज’ प्रकल्प. पैसा युरोपीय संघाचा, समन्वय व्हिएन्नाच्या बोकू विद्यापीठाचा. सात डोंगराळ भाग निवडले: स्पेनमधलं वाल्साइन, फ्रान्सचं व्हेर्कोर, ऑस्ट्रियाचं मोंटाफोन, स्लोव्हेनियाचं स्नेझनिक, स्लोव्हाकियाचं कोझिए ख्रबटी, बल्गेरियाचं शिरोका लाका आणि स्वीडनचं विल्हेल्मिना. प्रश्न एकच होता. जंगलाकडून लाकूड हवं, हवेतला कार्बन धरून ठेवायला हवा, जीवसृष्टी हवी आणि खालच्या गावाचं संरक्षणही हवं. हवामान बदलताना हे सगळं एकाच जंगलातून किती निभेल?

असा प्रकल्प उभा कसा करतात, तेही जाणून घेण्यासारखं आहे. संघ आधी विषय जाहीर करतो. अशा सामायिक प्रकल्पासाठी किमान तीन देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था एकत्र याव्या लागतात. कोण काय करणार, माहिती कुणाच्या मालकीची, भांडण झालं तर निवाडा कसा, याचा करार आपसांत आधीच होतो. काम वेगवेगळ्या गटांत वाटतात आणि व्यवस्थापन हाच एक वेगळा गट असतो. पैसे हप्त्यानं मिळतात: पहिला हप्ता आगाऊ, पुढचे मात्र अहवाल आणि हिशेब दिल्यावर.

पण खरी कसोटी कागदापलीकडची असते. प्रत्येक देशाची झाडं मोजायची रीत वेगळी, नोंदवह्या वेगळ्या. मोंटाफोनमध्ये खालच्या गावांचं बर्फापासून संरक्षण ही मोठी चिंता, तर विल्हेल्मिनामध्ये रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांची चराई महत्त्वाची. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली तर चुकतं, आणि प्रत्येकाला वेगळी लावली तर तुलना होत नाही. म्हणून आधी काय मोजायचं यावर एकमत करायचं, मग मोजायचं. आणि वनखात्याबरोबर तिथं राहणाऱ्या, जंगलावर जगणाऱ्या माणसांनाही विचारायचं. आरिएजच्या शेतकऱ्यांना १८२७ मध्ये हे कुणी विचारलं नव्हतं. उत्तर आलं तेही एका वाक्यात मावणारं नव्हतं. सगळ्या डोंगरांना लागू पडेल असा एकच उपाय नाही, आणि एक फायदा वाढवला की बऱ्याचदा दुसरा घटतो.

अडचण एकच, प्रकल्प तीन-चार वर्षांचा आणि झाड शे-दीडशे वर्षांचं. ‘अरेंज’ संपल्यावर तीनच वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, ‘वाया’ वादळानं ईशान्य इटलीच्या डोंगरांतलं अंदाजे ८५ लाख घनमीटर लाकूड आडवं केलं. पाठोपाठ पडलेल्या झाडांवर साल पोखरणारे भुंगेरे वाढले. अशा वेळी जुन्या नोंदी, आणि एकमेकांना ओळखणारी, एकाच पद्धतीनं मोजणारी माणसं हाताशी असणं हीच कमाई. म्हणून युरोपात संशोधनाच्या पैशाशिवाय नुसत्या भेटी, प्रशिक्षण आणि देवाणघेवाणीसाठी १९७१ पासून ‘कॉस्ट’ नावाची वेगळी व्यवस्था आहे. डोंगरी वनांवरचं तिचं एक जाळं वादळ आलं तेव्हा चालूच होतं.

आपला सह्याद्री सहा राज्यांतून जातो. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. २०१४ पासून केंद्रानं मसुदे काढले. सहावा आला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. या सगळ्यात वाद मुख्यतः रेषेवर झाला, कोणतं गाव आत आणि कोणतं बाहेर. गावकऱ्यांना भीती वाटते ती १८६० च्या फ्रेंच मेंढपाळाचीच: पूर खाली येणार आणि बंदी वर लागणार.

रेष लागेल ती लागेल. पण सहा राज्यांच्या उतारांवर एकाच पद्धतीनं पाऊस, माती, झाडं आणि ओढे मोजायचं काम पन्नास वर्षं न थांबता चालवायला कुणाचीच ना नसावी. मोजणाऱ्यांत त्या उतारांवरची गावंही हवीत. मग पुढच्या पावसाळ्यात दोष देण्याआधी निदान वहीत बघता येईल.