परक्या लेकरांचे मायबाप : कर्मवीर आणि लक्ष्मीबाई

जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने श्रेष्ठ मानली आहेत. परक्याचे मूल घरी ठेवून त्याला जेवू घालणे, आजारपणात जपणे, शिकविणे आणि निर्भय करणे यांत ही चारही दाने एकत्र येतात. मात्र पालनकर्ता कितीही उदार असला, तरी जन्मदात्यांच्या विश्वासावाचून हे कार्य सिद्धीस जात नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या जीवनात याचा प्रत्यय येतो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. स्वसमाजाच्या वसतिगृहाचे दार असे बंद झालेल्या या मुलाला राजर्षी शाहू महाराजांनी आश्रय दिला. आश्रय गमावण्याचे दुःख आणि तो लाभण्याचे मोल, दोन्ही त्यांना विद्यार्थिदशेतच कळले.

१९१० च्या सुमारास दुधगाव येथे सहकाऱ्यांसह त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह उभे राहिले.

हे वसतिगृह खऱ्या अर्थाने चालविले ते लक्ष्मीबाईंनी. सधन माहेरी वाढलेल्या आणि सोवळे-ओवळे पाळणाऱ्या या जैन स्त्रीसमोर निरनिराळ्या जातींची मुले एकाच पंगतीत येऊन बसली. जन्मापासूनचे संस्कार बाजूला सारणे सोपे नव्हते. परंतु ताटावर बसलेल्या भुकेल्या मुलाची जात तिने विचारली नाही. मुलांसाठी स्वयंपाक करणे, त्यांची दुखणी-खुपणी काढणे हा तिचा नित्यक्रम झाला. कोठारातील धान्य संपले, तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून गेले आणि अखेर मंगळसूत्रही मोडले गेले. पुढे तिला ‘रयत माउली’ म्हटले जाऊ लागले.

दुसऱ्या बाजूस होते मुलांचे जन्मदाते. शेतकऱ्याच्या घरी दहा-बारा वर्षांचे मूल म्हणजे गुरे राखणारा, पेरणी-कापणीस हातभार लावणारा गडी. त्याला दूरच्या गावी धाडणे म्हणजे घरातले दोन हात कमी करणे. त्यातच आपले मूल इतर जातींच्या मुलांसोबत जेवणार, ही गोष्ट त्या काळी गावकीत सहज पचणारी नव्हती. तरीही आई-वडिलांनी मुले स्वाधीन केली.

या कार्यात गावोगावच्या आयाबायांनाही वाटा उचलता यावा, म्हणून भाऊरावांनी ‘मुठी फंड’ योजना राबविली. दळणाच्या वेळी गृहिणीने मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढावे, अशी ती सोपी रीत होती. रोख पैसा नसलेल्या घरालाही ती परवडत असे. पोटचे मूल दूर असले, तरी गावच्या जात्यावरची मूठ त्याच्या ताटापर्यंत पोहोचण्याची वाट त्यामुळे खुली झाली. मुलांनीही श्रम करून शिकावे, असा भाऊरावांचा आग्रह होता. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे वचन त्यातूनच आले. अशा रीतीने आई-वडील, पालनकर्ते आणि स्वतः मूल या तिघांनी भार वाटून घेतला.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव देण्यात आले. ज्यांनी एकेकाळी भाऊरावांना आश्रय दिला, त्यांच्याच नावाने आता इतरांची मुले आश्रय घेऊ लागली. १९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. पुढे संस्थेचा विस्तार खेडोपाडी झाला. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांनी देह ठेवला. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण किताब मिळाला होता.

समाजाने वसतिगृहे बांधली, देणग्या दिल्या, याची नोंद संस्थांच्या अहवालांत सापडते. मंगळसूत्र मोडणाऱ्या माउलीचे नाव लोकांनी जपले. परंतु जात्यापाशी मूठ बाजूला ठेवणाऱ्या अनाम मातांची नोंद कोठेच नाही. कोणत्याही ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या दोघींचे ऋण एकत्रच स्मरले पाहिजे.