पादचारी-अभिज्ञान, दृश्य व औष्णिक

रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या कडेने चालणारी व्यक्ती कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमेतून संगणकाच्या साहाय्याने आपोआप ओळखण्याच्या तंत्रास पादचारी-अभिज्ञान असे म्हणतात. दृश्य प्रकाश टिपणारा साधा कॅमेरा व अवरक्त प्रारण टिपणारा औष्णिक कॅमेरा यांची या कामी सांगड घातल्यास एकाची उणीव दुसऱ्याने बऱ्याच अंशी भरून निघते. भारतात २०२२ मध्ये रस्त्यावरील अपघातांत मृत्यू पावलेल्या १,६८,४९१ व्यक्तींपैकी ३२,८२५ पादचारी होत्या. यावरून विषयाचे महत्त्व लक्षात येते.

तत्त्व : साधा कॅमेरा वस्तूवरून परावर्तित झालेला सु. ०·४ ते ०·७ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टिपतो. त्यामुळे अंधारात त्यास काही दिसत नाही आणि समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोताने तो दिपून जातो. मानवी शरीर मात्र स्वतःच अवरक्त प्रारण उत्सर्जित करते. त्याची तीव्रता सु. ९·५ मायक्रोमीटर तरंगलांबीस महत्तम असते. ८ ते १४ मायक्रोमीटर या पट्ट्यात हवा बरीच पारदर्शक असल्याने या कामाचे औष्णिक कॅमेरे याच पट्ट्यात चालतात. साधी काच या पट्ट्यास अपारदर्शक असते. म्हणून त्यांची भिंगे बहुधा जर्मेनियमची करतात व वाहनाच्या पुढील काचेमागे कॅमेरा न बसविता तो बाहेर बसवावा लागतो.

इतिहास : विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवून अवरक्त प्रारणाचा शोध लावला. सॅम्युएल लँग्ली यांनी १८८० च्या सुमारास बोलोमीटर हे अतिसंवेदनशील उपकरण तयार केले. विसाव्या शतकात या विद्येची वाढ मुख्यत्वे युद्धोपयोगासाठी झाली. अतिशीतनाची गरज नसलेला सूक्ष्मबोलोमीटर-व्यूह अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झाला व १९९२ मध्ये त्यावरील गोपनीयता उठविण्यात आली. त्यानंतर औष्णिक कॅमेरा नागरी वाहनांच्या आटोक्यात आला. कॅडिलॅक कंपनीच्या २००० सालच्या मोटारीत औष्णिक प्रतिमा चालकास केवळ दाखविली जात असे. होंडा कंपनीने २००४ मध्ये जपानमध्ये आणलेल्या मोटारीत दोन अवरक्त कॅमेऱ्यांच्या साहाय्याने पादचारी ओळखून चालकास इशारा देण्याची सोय होती.

दृश्य प्रतिमांच्या बाबतीत नवनीत दलाल व बिल ट्रिग्ज यांनी २००५ मध्ये फ्रान्समध्ये मांडलेली पद्धती महत्त्वाची ठरली. प्रतिमेतील कडांच्या दिशांची मोजदाद करून मनुष्याकृती ओळखणे हे तिचे सूत्र होय. दोन्ही प्रकारच्या प्रतिमांचा मोठा सामायिक संग्रह दक्षिण कोरियातील काइस्ट या संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात प्रतिमांच्या सु. ९५,००० जोड्या आहेत. दोन कॅमेरे शेजारी ठेवल्यास त्यांची दृश्ये तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून तेथे किरण-विभाजक वापरून दोहोंचा प्रकाशीय अक्ष एकच करण्यात आला. औष्णिक प्रतिमेची जोड दिल्याने पादचारी नजरेतून निसटण्याचे सरासरी प्रमाण सु. १५ टक्क्यांनी घटले. पुढे बहुस्तरीय तंत्रिका-जाले वापरात आली आणि उजेडाच्या मानाने कोणत्या कॅमेऱ्यास किती भार द्यावा हे ठरविणाऱ्या पद्धतीही निघाल्या.

उष्ण कटिबंधातील मर्यादा : समशीतोष्ण प्रदेशातील रस्त्यावर माणूस रात्री सभोवतालापेक्षा उबदार असल्याने औष्णिक प्रतिमेत उठून दिसतो. कोकणात नेहमी असे घडत नाही. मुंबई–गोवा महामार्गावरील बांदा (ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग) या सीमेलगतच्या गावासारखे ठिकाण विचारात घेतल्यास हे स्पष्ट होते. वैशाखातील दुपारी डांबरी रस्ता मानवी त्वचेहून (सु. ३३° ते ३५° से.) पुष्कळ तापलेला असतो, तेव्हा माणूस रस्त्यापेक्षा थंड दिसतो. सायंकाळी रस्ता निवत जाताना एक वेळ अशी येते की, दोहोंचे तापमान जवळजवळ सारखे होऊन औष्णिक प्रतिमेतील भेद मावळतो. नेमक्या याच तिन्हीसांजेस उजेडही कमी झालेला असतो, म्हणजे दोन्ही कॅमेरे एकाच वेळी दुबळे होतात. आणि बाजारातून किंवा कामावरून माणसे पायी घरी परततात, तीही याच वेळी. पावसाळ्यात भिजलेले कपडे सभोवतालच्या तापमानास येतात, छत्रीमुळे डोके व खांदे झाकले जातात आणि मुसळधार पावसात अवरक्त प्रारणही क्षीण होते. शिवाय रस्त्यावर बसलेली गुरे व कुत्रीही उबदारच असतात. त्यांना माणसांपासून केवळ आकारावरून वेगळे करावे लागते.

महाराष्ट्रातील प्रयत्न : नागपूर येथे २०२१ मध्ये आयरास्ते हा प्रकल्प सुरू झाला. त्यात नागपूर महानगरपालिका, हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था, केंद्रीय मार्ग संशोधन संस्था आदींचा सहभाग होता. शहर-बसगाड्यांवर कॅमेरे बसवून संभाव्य टकरीचा इशारा चालकास देणे हा त्याचा एक भाग होय. हे कॅमेरे मुख्यत्वे दृश्य प्रकाशावर चालणारे आहेत.

परदेशी संग्रहांवर शिकविलेली यंत्रणा येथील रस्त्यांवर तशीच विश्वासार्ह ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. येथील पाऊस, उष्मा व तिन्हीसांज यांतील प्रतिमांच्या आधारे तिची पारख होणे आवश्यक आहे. यंत्रणा चुकल्याची किंमत शेवटी पायी चालणाऱ्यासच मोजावी लागते. पादपथ, रस्त्यावरील दिवे व वाहनांचा मर्यादित वेग यांना हे तंत्र पूरक ठरू शकते. त्यांची जागा ते घेऊ शकत नाही.